कर्ज, डुकरं आणि काळा झेंडा : एका शेतकरी प्रांतात हिटलर कसा रुजला

हिटलरची गोष्ट सांगताना म्युनिकची बिअरची सभागृहं, बर्लिनच्या मशाल मिरवणुका आणि शहरातले बेकार कामगार हमखास दाखवले जातात. मतांचा नकाशा मात्र वेगळीकडे बोट दाखवतो. जुलै १९३२च्या निवडणुकीत जर्मनीच्या ३५ मतदार विभागांपैकी फक्त एका विभागात नाझी पक्षाला निम्म्याहून जास्त मतं पडली. तो विभाग म्हणजे श्लेस्विग-होल्स्टाइन, डेन्मार्कच्या सीमेला लागलेला, गुरं-डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा प्रांत. तिथे नाझींना ५१ टक्के मतं मिळाली. मे १९२८मध्ये त्याच प्रांतात त्यांना ४ टक्के होती आणि देशभरात २.६.

चार वर्षांत चाराचे एक्कावन्न कसे झाले ते इथे पाहू. मराठवाड्यातल्या वाचकाला यातले निम्मे शब्द समजावून सांगावे लागणार नाहीत: जप्ती, लिलाव, थकबाकी, पडलेला भाव. त्या काळात आपल्याकडे निजामाचं राज्य होतं, त्यामुळे मत देऊन सरकार बदलण्याचा प्रश्नच नव्हता. जर्मनीत १९१९पासून वीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईला आणि पुरुषाला मत होतं. जे घडलं ते मतपेटीतून आणि कायद्याची कलमं वापरत घडलं, म्हणून ते नीट समजून घ्यायचं.

प्रांत फार मोठा नाही. सुमारे १५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बीड आणि लातूर जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडा कमीच. त्याचे उभे तीन पट्टे पडतात. पश्चिमेला समुद्र हटवून मिळवलेली काळी, कसदार जमीन. तिथले सधन शेतकरी बैल विकत घेऊन चरायला सोडायचे आणि लठ्ठ झाले की विकायचे. पूर्वेला मोठ्या जमीनदारांच्या वाड्या आणि त्यांवर राबणारे शेतमजूर. मधला पट्टा रेताड, हलक्या जमिनीचा. तिथे घरच्या माणसांच्या बळावर चालणारी मध्यम-लहान शेती आणि डुकरांची पैदास. नाझींची सगळ्यात जास्त मतं निघाली ती या मधल्या पट्ट्यात. पूर्वेचा मजूर बराच काळ समाजवादी पक्षाला धरून राहिला. सगळ्यात गरीब माणूस आधी फुटला, हा समज इथे टिकत नाही. फुटला तो थोडी जमीन नावावर असलेला आणि ती जाईल या धास्तीत जगणारा.

ही धास्ती आली कुठून? १९२३ साली जर्मन मार्क कागदाच्या मोलाचा झाला. नोव्हेंबरमध्ये नवं चलन काढलं तेव्हा एक लाख कोटी जुन्या मार्काला एक नवा मार्क असा हिशेब होता. शेतकऱ्याचं जुनं कर्ज या महागाईत वाहून गेलं आणि काही महिने तो खुशीत होता. पण बँकेतली शिल्लकही वाहून गेली. पुढच्या हंगामाला बी, खत, खाद्य घ्यायला हातात दमडी उरली नाही, म्हणून पुन्हा कर्ज काढावं लागलं, आणि या वेळी व्याज दहा टक्के आणि त्याहून वर. शिवाय नव्या चलनामागे सोनं नव्हतं. सरकारने शेतजमिनींवर आणि उद्योगांवर बोजा चढवून त्या तारणावर ते चलन उभं केलं होतं, म्हणजे तोही भार जमिनीवरच. त्यात करांची भर.

मग १९२६चं पावसाने नासलेलं पीक, गुरांमध्ये लाळ्या-खुरकूत, आणि १९२७पासून डुकरांचा पडलेला भाव. इथे एक बारकावा आहे, तो सुटला तर पुढचा राग कळत नाही. सरकारने बाहेरच्या धान्यावर आयात कर लावला होता. त्याचा फायदा पूर्व जर्मनीतल्या राय (गव्हासारखं एक धान्य) पिकवणाऱ्या बड्या जमीनदारांना व्हायचा. श्लेस्विगचा शेतकरी मात्र धान्य विकणारा नव्हता, विकत घेणारा होता. बाहेरून येणारं जव डुकरांना घालून मटण विकणारा. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्याला मका महाग आणि कोंबडी स्वस्त झाल्यावर जे होतं, तेच त्याचं झालं. ‘शेतकऱ्यासाठी’ म्हणून केलेलं धोरण अर्ध्या शेतकऱ्यांच्या मुळावर आलं होतं.

गणित समजायला काल्पनिक आकडे घेऊ. कर्ज १० हजार मार्क, व्याज दहा टक्के, म्हणजे वर्षाला हजार मार्क. एका डुकरामागे खर्च जाऊन ४० मार्क उरत असतील तर २५ डुकरं व्याजाला गेली. भाव पडून २०च उरले तर ५० डुकरं लागतात. गोठा तेवढाच, खाद्य महाग, आणि मुद्दल अजून जिथल्या तिथे.

२८ जानेवारी १९२८ला प्रांतभर एकाच दिवशी मोर्चे निघाले आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं रस्त्यावर आली. मागण्या साध्या होत्या: व्याज कमी करा, कर कमी करा, बाहेरचं मटण थांबवा. ऐकलं कुणी नाही. मग कर न भरण्याची चळवळ सुरू झाली. नोव्हेंबर १९२८मध्ये बाइडेनफ्लेट गावात थकलेल्या करापोटी बैल जप्त करायला माणसं आली, तेव्हा गावकऱ्यांनी वाटेत गवत पेटवलं आणि शिंगं फुंकली. बुजलेले बैल उलटे गोठ्यात पळाले. खटले झाले आणि खटल्यांनी चळवळ आणखी वाढली. जप्तीच्या लिलावात कुणी बोली लावायची नाही, लावली तर त्या माणसाशी व्यवहार बंद, असा दंडक गावागावांत पडला. पुढारी दोन. एक क्लाउस हाइम, पॅराग्वेत शेती करून परतलेला, आणि दुसरा विल्हेल्म हामकेन्स. झेंडा काळा, त्यावर पांढरा नांगर आणि लाल तलवार. १ ऑगस्ट १९२९ला नॉयम्युन्स्टर शहरात हामकेन्सच्या सुटकेच्या स्वागताला शेतकरी जमले. पोलिसांनी तो झेंडा हिसकावला आणि झटापट झाली. बदल्यात शेतकऱ्यांनी अख्ख्या शहरावर बहिष्कार टाकला: तिथे काही विकायचं नाही, काही घ्यायचं नाही. हे महिनोन् महिने चाललं.

ही चळवळ नाझींची नव्हती. तिची ताकद आणि दुबळेपण एकाच गोष्टीत होतं. सभासद नोंदणी नाही, घटना नाही, खजिनदार नाही. मुद्दामच नाही, कारण संघटना म्हटली की पुढारी आले आणि पुढारी म्हटले की बर्लिनशी तडजोड आली, असं त्यांना वाटे. राग मोठा होता, पण तो जमा करायला खातं नव्हतं. हाइमच्या भोवतालच्या लोकांनी मग कर कचेऱ्यांवर बॉम्ब टाकायला सुरुवात केली. धरपकड झाली, १९३०मध्ये हाइमला सात वर्षांची शिक्षा झाली आणि चळवळ विस्कटली.

हिटलरची चाल इथे पाहण्यासारखी आहे. १९२३ साली त्याने स्वतः म्युनिकमध्ये बंदुकीच्या बळावर सत्ता घ्यायचा प्रयत्न केला होता आणि तो फसला. पाच वर्षांची शिक्षा झाली, पण डिसेंबर १९२४मध्ये तो सुटलाही. तेव्हापासून पक्षाची वाट ठरली: निवडणूक लढवायची, कायद्याच्या आत राहतोय असं दाखवायचं आणि आत शिरून घर ताब्यात घ्यायचं. म्हणून बॉम्बवाल्या शेतकऱ्यांपासून त्याने पक्षाच्या माणसांना लांब राहायला सांगितलं. त्यांचा राग हवा होता, त्यांचे खटले नको होते.

पण नावातच ‘समाजवादी’ आणि ‘कामगार’ असलेल्या पक्षाला जमीनवाला मत कसं देणार? १९२०च्या जाहीरनाम्यातलं १७वं कलम तर सरळ म्हणत होतं की सार्वजनिक कामासाठी मोबदला न देता जमीन काढून घेता येईल. १३ एप्रिल १९२८ला, निवडणुकीच्या पाच आठवडे आधी, हिटलरने खुलासा काढला: पक्षाला खासगी मालमत्ता मान्य आहे, हे कलम फक्त जमिनीची सट्टेबाजी करणाऱ्या ज्यू कंपन्यांसाठी आहे. कलम खोडलं नाही, फक्त त्याचं टोक दुसऱ्याकडे वळवलं. पुढची सगळी पद्धत या एका खुलाशात दिसते. ‘व्याजाची गुलामगिरी मोडा’ ही घोषणाही तशीच. कर्जबाजारी माणसाला ती त्याच्या बँकेच्या नोटिशीबद्दल वाटे. पक्षाच्या भाषेत मात्र व्याज घेणारा म्हणजे ज्यू. श्लेस्विगच्या खेड्यांत ज्यू मोजकेच होते, त्यामुळे ही गोष्ट पडताळून पाहायला समोर माणूसच नव्हता. न पाहिलेल्या शत्रूवर दोष ढकलणं फार सोपं जातं.

घोषणा बऱ्याच पक्षांकडे होत्या. नाझींकडे काम करायची पद्धत होती. डिसेंबर १९२८मध्ये पक्षाच्या प्रचार विभागाने ठरवलं की सगळीकडे थोडं-थोडं करण्याऐवजी एक विभाग निवडायचा आणि सात ते दहा दिवसांत तिथे ७० ते २०० सभा घ्यायच्या. इतर पक्षांचे लोक खेड्यात मतदानाच्या आधी पंधरा दिवस दिसायचे. हे येत हिवाळ्यात, शेतकरी रिकामा असताना, निवडणूक नसतानाही. सभेला तिकीट असे, त्यामुळे पुढच्या सभेचा खर्च आधीच्या सभेतून निघे. वक्ते तयार करायला पत्राने चालणारा अभ्यासक्रम होता: भाषणं लिहून पाठवायची, तपासून परत यायची, विरोधकांच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करायची. गावात डुकरांच्या भावावर बोलायचं, तालुक्याच्या गावी दुकानदारांपुढे मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरवर, कारखान्याजवळ बेकारीवर. रेडिओ सरकारच्या ताब्यात आणि वर्तमानपत्रं स्थानिक, म्हणून एका गावचं वचन दुसऱ्या गावात कळण्याचा धोका कमीच.

प्रांताचा प्रमुख हिन्रिश लोझे. म्युलेनबार्बेक नावाच्या खेड्यातल्या लहान शेतकऱ्याचा मुलगा, बँकेत कारकुनी केलेला, शेतकऱ्यांच्या राजकारणात वावरलेला. हिटलर ऑस्ट्रियाचा, त्याचं बोलणं तिकडचं. उत्तरेच्या शेतकऱ्याला लोझे आपला वाटे. मार्च १९२९मध्ये व्होर्डेन गावात नाझी आणि कम्युनिस्टांच्या मारामारीत दोन नाझी आणि एक कम्युनिस्ट मेला. नाझींच्या अंत्ययात्रेला हिटलर स्वतः आला. त्यानंतर त्या भागात सभासद भराभर वाढले.

१९३०च्या मध्यात हिटलरने रिखार्ड वाल्थर दारे या माणसाला शेतीचा विषय सोपवला. त्याचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि लोकप्रिय इतिहासात ते सगळ्यात कमी येतं. दारेने प्रांत, जिल्हा आणि गाव असे शेती-सल्लागार नेमले. अट अशी की सल्लागार त्या-त्या भागाचा खराखुरा शेतकरी हवा, पुढारी नको. त्याने गावातल्या तक्रारी वर कळवायच्या आणि वरचा मजकूर गावच्या बोलीत खाली पोचवायचा. या लोकांनी नवी शेतकरी संघटना काढली नाही. असलेल्या संघटनेत शिरायचं ठरलं. जर्मनीतली शेतकऱ्यांची सगळ्यात मोठी संघटना होती राइख्सलांडबुंड. खालच्या शाखा एकेक करून घेतल्या, कृषी मंडळांच्या निवडणुका लढवल्या आणि डिसेंबर १९३१मध्ये संघटनेच्या वरच्या मंडळावर आपला माणूस बसवला. सोसायटी आणि बाजार समितीची निवडणूक आमदारकीच्या आधी जिंकावी लागते हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. एप्रिल १९३२मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत या संघटनेने हिटलरला मत द्या असं सांगितलं. आधीचाच राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग ५३ टक्क्यांनी निवडून आला, पण हिटलर ३६.८ टक्क्यांवर पोचला.

जुने पक्ष या काळात काय करत होते? १९१९ला या प्रांतात उदारमतवादी लोकशाही पक्षाला सुमारे २७ टक्के मतं होती. १९३२ला ती दीड टक्क्यावर आली. सनातनी राष्ट्रवादी पक्षाकडे १९२४ला एक तृतीयांश मतं होती. तो सरकारात गेला, १९२७-२८मध्ये शेतीमंत्रीही त्याचाच होता, आणि डुकरांचा भाव त्याच काळात कोसळला. १९३०ला तो सहा टक्क्यांवर उतरला. मधल्या काळात शेतकऱ्यांनी लहान-लहान पक्ष करून पाहिले. जर्मनीत दर ६० हजार मतांना एक जागा असा हिशेब होता, लोकसभेसारखी मतदारसंघात पहिला येण्याची भानगड नव्हती. त्यामुळे लहान पक्षाला जागा मिळे, पण ताकद मिळत नसे. आधी जुना पक्ष सोडायचा, मग लहान पक्षात थांबायचं, तिथून नाझींकडे: बहुतेक शेतकऱ्यांचा रस्ता हा असा होता. एका उडीत फार थोडे गेले.

कर्जानेच सगळं झालं असं म्हणणाऱ्याला एक उलटं उदाहरण दाखवावं लागतं. त्याच जुलै १९३२मध्ये कोलोन-आखेन विभागात नाझींना २० टक्क्यांच्या आसपासच मतं पडली. तिथेही लहान शेतकरी होता, तिथेही भाव पडले होते. पण तो कॅथलिक होता. त्याचं चर्च, शेतकरी संघ, पतसंस्था आणि मध्यममार्गी कॅथलिक पक्ष ही एकात एक गुंतलेली वीण होती. नाझी सल्लागार गावात आला तर बसायला ओसरी मिळत नसे. श्लेस्विगच्या प्रोटेस्टंट खेड्यात जुनी वीण उसवलेली होती आणि ओसरी रिकामी होती.

एवढं होऊनही मतांनी हिटलर सत्तेवर आलाच नसता. जुलै १९३२ला देशभर ३७.३ टक्के आणि ६०८पैकी २३० जागा, हा त्याचा खऱ्या निवडणुकीतला कळस. नोव्हेंबरमध्ये फेरनिवडणूक झाली, तेव्हा वीस लाख मतं घटून तो ३३.१ टक्क्यांवर आला. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्येही ५१वरून ४५.७. पक्षाची तिजोरी रिकामी झाली होती.

त्याला वर ओढलं ते वरच्या लोकांनी. घटनेचं ४८वं कलम राष्ट्राध्यक्षाला संसदेशिवाय अध्यादेश काढू देत होतं आणि २५वं कलम संसद बरखास्त करू देत होतं. १९३०पासून सरकारं बहुमतावर चालत नव्हती, ती हिंडेनबुर्गच्या सहीवर चालत होती. १९३२मध्ये असे ६६ अध्यादेश निघाले आणि संसदेने कायदे केले फक्त पाच. जुलै १९३२मध्ये याच प्रांतातल्या आल्टोना शहरात नाझींचा मोर्चा कामगार वस्तीतून गेला, गोळीबार झाला आणि १८ माणसं मेली. तीन दिवसांनी त्याचं निमित्त करून प्रशियाचं, म्हणजे हा प्रांत ज्यात येत होता त्या राज्याचं, निवडून आलेलं सरकारच अध्यादेशाने हटवलं गेलं. संसद अशी आधीच मोडीत निघाली असताना प्रश्न एवढाच उरला की ८५ वर्षांच्या हिंडेनबुर्गच्या कानाशी कोण लागतो. ११ जानेवारी १९३३ला राइख्सलांडबुंडचे पुढारी, त्यात नाझींचा आत बसवलेला माणूसही, त्याला भेटले आणि चान्सलर (सरकारचा प्रमुख) श्लायखरच्या शेती धोरणाविरुद्ध तक्रार करून आले. चार दिवसांनी लिप्पे नावाच्या इवल्याशा संस्थानवजा राज्यात मतदान होतं. तिथे नाझींनी सगळी यंत्रणा ओतली, ३९.५ टक्के मतं मिळवली आणि ‘लाट परतली’ असं सांगत सुटले. जुलैत तिथेच त्यांना याहून जास्त होती. ३० जानेवारीला हिटलर चान्सलर झाला. मंत्रिमंडळात त्याला धरून तीनच नाझी होते. बाकीच्यांना वाटलं, तो आपल्या मुठीत राहील. २८ फेब्रुवारीच्या अध्यादेशाने नागरी हक्क गेले, २३ मार्चला संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार त्याला दिले, १४ जुलैला दुसरा पक्ष काढणं गुन्हा झाला.

शेतकऱ्याला काय मिळालं? भाव मिळाला, हे मान्य करावं लागेल. सप्टेंबर १९३३मध्ये शेतकरी, दूधसंघ, व्यापारी सगळे एका सरकारी मंडळाखाली आणले आणि दर ठरवून दिले. पुढे त्याच मंडळाने दूध कुठे घालायचं आणि काय दराने तेही ठरवलं. २९ सप्टेंबरला वारस-शेती कायदा आला. कुटुंब जगेल एवढ्या, म्हणजे साधारण साडेसात हेक्टरच्या (साडेअठरा एकर) शेतापासून १२५ हेक्टरपर्यंतची जमीन विकता येणार नाही, गहाण ठेवता येणार नाही, जप्तही होणार नाही. ऐकायला हेच तर हवं होतं. पण जी जमीन गहाण पडत नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही. ट्रॅक्टर किंवा नवा गोठा यासाठी पैसा मिळेना. जमीन एकाच वारसाला, मुलीचा नंबर मुलगा, बाप आणि भाऊ यांच्यानंतर. आणि ‘शेतकरी’ हे नावच १८०० सालापर्यंत मागे ज्यू पूर्वज नाही हे दाखवणाऱ्यालाच. घरोघरी वंशावळ काढायला माणसं चर्चच्या नोंदवह्या उपसत बसली. नीट शेती करत नाही असा ठपका ठेवून कारभार काढून घेण्याची सोयही कायद्यात होती. तक्रार कुठे करायची? संघटना त्यांचीच, मंडळ त्यांचं, कोर्टही त्याच कायद्याने नेमलेलं.

ज्या मुलांना जमीन मिळणार नव्हती त्यांना दारे आणि त्याची मंडळी पूर्वेकडच्या जमिनीचं स्वप्न दाखवत होती. ती जमीन रिकामी नव्हती. १९४१मध्ये जर्मन फौजा सोव्हिएत हद्दीत घुसल्यावर लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया आणि बेलारूसच्या एका भागावर राइख्सकमिसार, म्हणजे मुलकी कारभाराचा प्रमुख, म्हणून नेमला गेला तो हिन्रिश लोझे. त्याच्या अमलाखाली तिथल्या ज्यूंना आधी वस्त्यांत कोंडलं आणि मग त्यातल्या बहुतेकांना मारलं. युद्धानंतर १९४८मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, १९५१मध्ये तो सुटला आणि १९६४मध्ये म्युलेनबार्बेकला वारला.